राजननं दिलेला शुक्रवार

माझ्या नवऱ्याचा पाय सुट्टीच्या दिवशी घरात टिकला असेल तर शपथ. राजन टिपणीस, वय एकावन्न, मूळचा ठाण्याचा. गेली सतरा वर्षं तो दुबईत इमारतींच्या छतातल्या पाण्याच्या नळ्यांची ड्रॉइंग्ज काढतोय. आग लागली की आपोआप पाणी शिंपडतात ना, त्या नळ्या. ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, घरही तिथंच, पायी आठ मिनिटांवर. आठवडाभर हा माणूस त्या आठ मिनिटांच्या पलीकडे जात नाही. आणि सुट्टी आली रे आली की पहाटे पाचला थर्मास भरून माझ्या उशाशी उभा. "विभा, ऊठ. यल्ला."

सतरा वर्षांत आम्ही काय काय नाही पाहिलं. उंटांच्या शर्यती पाहिल्या. उंटाच्या पाठीवर माणसाऐवजी छोटंसं यंत्र बांधलेलं असतं आणि मालक बाजूनं गाडी पळवत वायरलेसवरून त्याला ओरडत असतात. ते बघायला मी डिसेंबरात उजाडायच्या आत शाल गुंडाळून उभी. ससाण्यांचा दवाखाना पाहिला, तिथं ससाण्यांची नखं कापतात. किल्ले तर इतके पाहिले, की मला एकातून दुसरा ओळखू येईनासा झाला. बर दुबईला मीना बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेलो तरी हा मला अब्रात बसवून खाडीपलीकडे नेणार आणि दुसऱ्या अब्रातून परत आणणार. का, तर म्हणे होडीतून गाव वेगळं दिसतं. घरी आल्यावर डायरी. काय पाहिलं, कोण भेटलं, अरबीतला कुठला नवा शब्द कळला. माझ्या मैत्रिणी सुट्टीत एसीमध्ये बसून ब्रंच करायच्या आणि मी कुठल्या तरी बुरुजावर धापा टाकत असायचे. मी कटकट करायचे, भरपूर करायचे, आणि तो हसायचा.

एवढं सगळं पाहूनही त्याला एक रुखरुख होती. इथल्या माणसाच्या घरी तो कधी गेला नव्हता. ऑफिसात केरळचे, फिलिपिन्सचे, बॉस लेबनीज. शेजारी एकीकडे पुण्याचे, दुसरीकडे कराचीचे. इथले म्हणावेत ते लोक दिसायचे विमानतळावर काचेच्या आड, नाहीतर सिग्नलला शेजारच्या गाडीत. "सतरा वर्षं राहिलो आणि एका घराचा उंबरा ओलांडला नाही, याला काय राहणं म्हणायचं?" असं तो म्हणायचा. तिकीट काढून नाही, गाइड घेऊन नाही, पाहुणा म्हणून एकदा कुणाच्या तरी घरी जायचं होतं त्याला. मला असलं काही वाटायचं नाही. मला इथली शाळा, इथले रस्ते आणि महिन्याचा पगार पुरेसा होता. पण त्याला मनापासून वाटायचं.

त्यासाठी तो अरबी शिकत होता. थोडं फोनवरच्या ॲपमधून, थोडं ऑफिसच्या सुदानी ड्रायव्हरकडून. त्यात तो एका जागी अडला. निघताना काय म्हणायचं? "मास्सलामा म्हणजे सुखरूप जा. ते मागे राहणाऱ्यानं म्हणायचं. जाणाऱ्यानं काय म्हणायचं?" राजनच्या आईनं त्याला लहानपणापासून बजावलेलं, 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हा माणूस दातांच्या डॉक्टरकडून दाढ उपटून निघतानाही तोंडात कापूस धरून "येतो हं" म्हणतो. त्याला 'येतो'ला अरबी शब्द हवा होता. शेवटी साइटवरच्या लोकांच्या तोडक्यामोडक्या अरबीतून त्यानं तो मिळवला. अना यीजी. मी येतो. शब्दाला शब्द. सापडल्याचा आनंद इतका, की दोन दिवस तो घरात मलाही तेच ऐकवत होता.

दोन हिवाळ्यांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी आली. आम्ही तिघं, म्हणजे राजन, मी आणि तेव्हा चौदा वर्षांची आमची ओवी, रास अल खैमाला निघालो. सिमेंटचे कारखाने मागे टाकून, घाट उतरून डोंगरापलीकडे पायथ्याशी एका लहानशा गावात शिरलो. खजुराची बाग, तिला मातीची बुटकी भिंत, आणि भिंतीच्या आतून वाहणारा दगडी पाट. त्याला इथं फलज म्हणतात, डोंगरातलं पाणी उतारानं बागेत आणतात. नळ्यांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस तो पाट बघून तिथंच खिळला. पाणी मध्येच अडतंय हे त्याला भिंतीवरून दिसलं. मग काय, गेला आत, बाह्या सरसावून गुडघ्यावर बसला आणि हात खांद्यापर्यंत घालून कुजलेल्या झावळ्यांचा बोळा ओढून काढला. पाणी धो धो पुढे गेलं. मान वर करतो तर समोर बागेचा मालक. मला वाटलं, आता पोलीस.

मालक सत्तरीचा असेल. त्यानं राजनचा चिखलानं माखलेला हात तसाच हातात घेतला आणि सोडलाच नाही. नाव सांगितलं बू झैद, म्हणजे झैदचा बाप. मोठ्या मुलाच्या नावानंच इथं म्हाताऱ्यांना हाक मारतात. आम्हाला तो घरी घेऊन गेला. राजनला मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, आणि ओवीला नि मला आत त्याच्या बायकोकडे. तिचं नाव जुलेखा. तोंडावर जुन्या बायका लावतात तशी सोनेरी झाक असलेली पट्टी, हात मेंदीनं काळपट झालेले. तिनं आम्हाला खजुराच्या पाकात घोळलेले तळलेले गोळे खायला घातले, दर वेळी एक बोट वर करून आणखी एक, आणखी एक. पलीकडे राजनचं वेगळंच चाललेलं. 'कॉफी पुरे' असं सांगायला रिकामी वाटी हलवतात, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं, आणि आपल्याला रीत ठाऊक आहे हे दाखवायच्या घाईत पहिल्याच घोटानंतर हलवली. मग एका वाटीवर तास काढला बिचाऱ्यानं. पण त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नातसुद्धा इतका खुश नव्हता.

निघताना फाटकाशी राजननं छातीवर हात ठेवला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "अना यीजी." बू झैदचे डोळे चमकले. त्यानं काहीतरी विचारलं. त्यात 'जुमा' हा शब्द होता, म्हणजे शुक्रवार. राजनला वाटलं, म्हातारा निरोपाचं गोड काहीतरी बोलतोय. तो जोरजोरात मान हलवून म्हणाला, "जुमा, जुमा. इन्शाल्ला." म्हाताऱ्यानं आपलं नाक राजनच्या नाकाला टेकवलं. इथं जवळच्या माणसाला तसं करतात.

गाडी हायवेला लागल्यावर मागच्या सीटवरून ओवी म्हणाली, "बाबा, यू नो यू जस्ट टोल्ड हिम वी आर कमिंग फॉर लंच ऑन फ्रायडे?" शाळेत अरबी सक्तीचं असल्यामुळे तिला आमच्यापेक्षा बरंच कळतं. राजन चपापला, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडभर हसू पसरलं. म्हणाला, मग जाऊ की.

तेव्हा मी बोलले. माझंच चुकलं ते तिथं. मी म्हटलं, तू इन्शाल्ला म्हणालास ना, मग झालं. मी एका दवाखान्याच्या ऑफिसात इन्शुरन्सचे कागद बघते. तिथं दिवसातून वीस वेळा ऐकते, फाइल कधी मिळेल, तर इन्शाल्ला. सगळ्या ऑफिसनं त्याचा अर्थ लावलेला आहे, विसरा आता. आणि बोलावणं काय, आपणही दारात उभं राहून म्हणतोच, या हं एकदा जेवायला. कोण येतं? खरंच कोणी आलं तर आपली धांदल उडते. एकदा भेटलेल्या माणसाच्या घरी तीन दिवसांनी पुन्हा जेवायला जाऊन बसायचं, हे गळ्यात पडणं झालं. असं मी म्हटलं, आणि मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

पण राजननं ऐकलं नाही. त्या शुक्रवारी त्यानं रजा टाकली. मीना बाजारातून आदल्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा आणून ठेवला होता. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ओवीला तर जायचंच होतं. मी जागची हलले नाही. म्हटलं, तुला लाज नसेल, मला आहे. त्यांच्या बाईनं मला बघून मनात काय म्हणावं? त्यानं साडेदहाला पुन्हा विचारलं. मग म्हणाला, आपण नुसती त्या बाजूनं चक्कर मारू, वाटलं तर जाऊ. मी टीव्ही लावून बसले. मला सोडून जाणं त्याला जमत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी फायदा घेतला. बारा वाजता त्यानं शर्ट बदलला. लाडू आम्ही आठवडाभर चहाबरोबर खाल्ले.

नंतर दर सुट्टीला तो विषय काढायचा. त्यांचा फोन नंबर घेतला नव्हता, त्यामुळे जायचं तर तसंच जायला हवं होतं. मी म्हणायचे, आता रोजे चालू आहेत, रोज्यात कसं जायचं. मग ईदला, त्यांचे नातेवाईक असतील. मग उन्हाळा. मग ओवीची परीक्षा. आणि जितके दिवस जात होते तितकं जाणं अवघड होत होतं, कारण आता जाऊन सांगायचं काय? किल्ले मात्र चालूच होते. फक्त रास अल खैमाकडे गाडी वळायची नाही.

या जानेवारीत राजनच्या कंपनीनं ड्रॉइंगचं सगळं काम भारतात हलवलं. जूनमध्ये आम्ही ठाण्याला कायमचे परत चाललोय. ते कळलं त्या रात्री राजन एवढंच म्हणाला, की जाण्याआधी मी एकदा बू झैदला भेटणार, तू ये किंवा येऊ नकोस. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मी गेले.

शनिवार होता. पुन्हा लाडवांचा डबा, तोच शर्ट. म्हातारा पाटाच्या काठाशी बसला होता. गाडीतून राजन उतरला तसा तो उठला, काठी तिथंच पडली, आणि राजनकडे टक लावून बघत राहिला. मग जवळ आला आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा, खांदे, दंड असे चाचपायला लागला. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. हय्य, हय्य. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याकडे बघितलं, ओवीकडे बघितलं, आणि आभाळाकडे हात केले. ओवी पुटपुटली, "ही'ज सेइंग यू आर अलाइव्ह."

मग म्हातारा बोलत गेला आणि ओवी थांबत थांबत सांगत गेली. त्या शुक्रवारी त्यानं बकरं कापलं होतं. मुलगा झैद बायकापोरांना घेऊन अबू धाबीहून आला होता, भाऊ आले होते, सगळे 'हिंदी', म्हणजे भारतातल्या, इंजिनिअरला बघायला. दुपारच्या नमाजानंतर ताटं मांडली आणि झाकून ठेवली. पाहुणा यायचाय म्हणून कोणी घासाला हात लावला नाही. पोरं रडायला लागली तेव्हा त्यांना आत नेऊन भरवलं. दिवस कलला तसा बू झैद म्हणाला, गाडी दरीत गेली असणार. झैदला बरोबर घेऊन तो घाटातून हायवेपर्यंत गेला आणि परत आला. वळणावळणाला उतरून खाली टॉर्च मारून बघितलं. पोलिसांना विचारलं, हॉस्पिटलात विचारलं, पांढरी गाडी, नवरा, बायको, एक मुलगी. नंतर झैदनं दुबईलाही फोन केले. कुठेच पत्ता लागला नाही, तेव्हा त्यांनी आमची आशा सोडली. येतो म्हणालेला माणूस आला नाही, तर तो मेलाच असणार. दुसरं काही कारण असेल हे त्या घरात कोणाला सुचलंच नाही.

राजन पांढरा पडला होता. म्हातारा त्याचे खांदे धरून हसत होता, रडत होता, आणि मग त्यानं साहजिक होतं तेच विचारलं. मग त्या दिवशी तुम्हाला झालं तरी काय?

मी ओवीच्या कानाशी लागून मराठीत म्हटलं, "सांग, आई आजारी होती. हॉस्पिटलात होती म्हणून सांग."

ओवीनं तोंड उघडलं तोच राजन म्हणाला, "नाही ओवी. काही झालं नव्हतं, आम्ही घरीच होतो, असं सांग."

"बाबा, आर यू शुअर?"

"सांग."

ओवीनं सांगितलं. म्हाताऱ्याला वाटलं पोरीचं अरबी चुकलं. त्यानं पुन्हा विचारलं, हळूहळू, एकेक शब्द तोडून. तेव्हा राजननं स्वतःच उत्तर दिलं, "बैत. अना बैत." घरी. मी घरी होतो. माझी बायको येऊ देईना, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हते असं नाही, ओवी शेजारीच उभी होती. माझं नाव त्यानं घेतलं नाही, आणि मीही पुढे होऊन घेतलं नाही.

बू झैदचे हात राजनच्या खांद्यांवरून खाली आले. तो रागावला नाही. रागावला असता तर सोसलं असतं. त्यानं देवाचे आभार मानले, तुम्हाला काही झालं नाही हे चांगलं झालं म्हणाला, आणि आम्हाला आत या म्हणाला. दारात आलेल्याला परत पाठवणारं ते घर नव्हतं. तो पुढे चालत गेला. राजन मागून गेला. तो लाडवांचा डबा कोणाच्या हातात द्यायचा हे न कळून तसाच घेऊन गेला.

ओवी आणि मी आतल्या खोलीत गेलो. जुलेखा बाहेर आली नव्हती, तिला काही ठाऊक नव्हतं. आम्हाला बघून ती बसल्या जागेवरून उठताना दोनदा तोल जाऊन पुन्हा बसली. मग मला तिनं असं कवटाळलं, की माझी आई गेल्यापासून मला तसं कोणी धरलं नव्हतं. तोंडावरची पट्टी काढून टाकली तिनं, रडणं पुसायला. ओवीला मांडीवर ओढलं, पंधरा वर्षांच्या घोडीला. दर नमाजात या मुलीचं नाव घेत होते, असं ती म्हणत होती. आम्ही गेलो असं समजून आमच्या तिघांच्या नावानं त्यांनी गावात खजूर वाटले होते. ती माझ्या केसांना अत्तर लावत होती, हात चोळत होती, मध्येच माझ्या कपाळावरून हात फिरवून खात्री करत होती.

ओवीनं मला कोपरानं ढोसलं. "आई, टेल हर. टेल हर इट वॉज यू, नॉट बाबा. आय'ल ट्रान्सलेट."

मी म्हटलं, "राहू दे आता. जाऊ दे ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं. जुलेखानं माझ्या तोंडात खजूर घातला आणि मी खाल्ला. भिंतीपलीकडच्या मजलिसमधून मागच्या वेळी सतत हसणं ऐकू येत होतं. या वेळी वाट्यांचा आवाज सोडून काही ऐकू आलं नाही. मला सगळं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही मराठीत. पण त्या बाईच्या हातातून माझा हात निघेना, किंवा मला तो काढायचा नव्हता. आपल्यावर कोणी इतकं प्रेम करत असताना ते आपल्या हातानं कोण संपवतं, असा विचार मी तेव्हा केला. आज त्याची लाज वाटते.

परतीच्या वाटेवर ओवी कानात इअरफोन घालून माझ्याकडे पाठ करून बसली. सिमेंटचे कारखाने गेले, हायवे लागला. शेवटी राजननंच विचारलं, आत कसं झालं तुमचं. मी जे झालं ते सांगितलं, म्हणजे मिठी, अत्तर, खजूर. ओवीनं काय म्हटलं ते सांगितलं नाही.

राजननं मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "निदान तुझ्यावर तरी राग नाही त्यांचा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असता तर मी भांडले असते आणि भांडता भांडता सगळं बोलून मोकळी झाले असते. टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.